चार भाज्या, तीन भांडी आणि माळ्यावरची कढई

"ताई, तीन वर्षांत माझे तीन नॉनस्टिक पॅन गेले. पहिले सहा महिने अंडं घसरगुंडीवरून उतरावं तसं उतरतं. वर्ष होत आलं की चिकटायला लागतं आणि मग पापुद्रे सुटतात. मागच्या आठवड्यात मुलाच्या ताटात एक काळा कपटा सापडला. त्याच्या जोडीचा त्यानं आधीच खाल्ला असणार, या विचारानं मला झोप नाही. आता सगळं मोडीत काढून वीस नगांचा स्टीलचा सेट घ्यावा असं मनात आहे. पण घरात स्टीलचं एक पातेलं आहे, त्यात बटाटा परतला तर निम्मा तळालाच चिकटून राहतो. बहीण म्हणते बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं घे, नवरा म्हणतो ट्राय-प्लाय घे. सासूबाई काहीच म्हणत नाहीत. त्यांची एक जडशीळ लोखंडी कढई माळ्यावर गंजत पडली आहे, ती तरी टाकू की नको ते सांगा.

दुसरं गाऱ्हाणं रोजचं. सातला घरी पोचते. गॅस मोठा करून पॅन ठेवते, तो तापेपर्यंत कांदा चिरते, आणि चिरता चिरता विचार करते की आज काय करायचं. बटाटा, कोबी, गाजर, पालक, त्याच चार भाज्या फिरून फिरून. घरातले चौघेही कंटाळलेत, मीसुद्धा.
– दर वर्षी नवा पॅन"

प्रिय 'दर वर्षी नवा पॅन',

आधी मुलाचं, कारण तुमची झोप तिथं अडली आहे. त्याच्या पोटात जो कपटा गेला, तो गेला तसाच बाहेर पडला असणार. पॅनवरचा तो थर बहुतेक पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचा असतो आणि त्याचा गुण एवढाच की तो कुणात मिसळत नाही. अंड्यात नाही, तेलात नाही, आणि जठरातल्या आम्लातही नाही. १९३८ साली रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला तो फ्रिजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करताना चुकून सापडला. पण कशालाच न चिकटणारी वस्तू पॅनला चिकटवायची कशी? हे कोडं सुटायला पुढं सोळा वर्षं गेली. १९५४मध्ये फ्रान्समधल्या मार्क ग्रेगोआर यांनी ते सोडवलं, आणि भांड्यावर लावून बघा ही सूचना त्यांच्या पत्नीची होती असं सांगतात. मला ते पटतं. हा थर बनवताना पूर्वी वापरलं जाणारं पीएफओए हे रसायन मात्र खरंच वाईट होतं. २०१९ साली घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात त्याच्यावर जगभरासाठी निर्बंध आले.

म्हणजे कपट्याची भीती सोडा. घाबरायचंच असेल तर रिकाम्या तापलेल्या पॅनला घाबरा. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढं हा थर बिघडायला लागतो आणि ३५०च्या आसपास त्यातून जो धूर निघतो त्यानं माणसाला थंडीताप भरल्यासारखं होतं. पिंजऱ्यातला पक्षी तर जिवानिशी जाऊ शकतो. मोठ्या आचेवर रिकामा पॅन तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही, काही मिनिटं पुरतात.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. "गॅस मोठा करून पॅन ठेवते, तो तापेपर्यंत कांदा चिरते." हे वाक्य तुम्ही दुसऱ्या गाऱ्हाण्यात लिहिलंय, पण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. तुमचे तिन्ही पॅन त्या कांद्यानं खाल्ले. एक कांदा चिरायला दोन मिनिटं, वर फोन आला तर पाच. रोज संध्याकाळी तो थर भाजून निघत होता. त्यातून तापलेला पॅन तसाच नळाखाली धरायची सवय असेल (असतेच, ती चर्र आवाजाची मजा मलाही सोडवत नाही) तर बूड वाकतं, मधे फुगवटा येतो, तेल कडेला पळतं आणि मधला भाग कोरडाच जळत राहतो.

पापुद्रे सुटलेला पॅन टाका. अंड्यासाठी हवाच वाटला तर एक लहानसा नॉनस्टिक ठेवा, पण तो चपलेसारखा, झिजणार हे धरूनच घ्यायचा. मध्यम आच, लाकडी उलथणं, आणि वर दुसरं भांडं ठेवायचं असेल तर मधे एखादं फडकं. दुकानात 'सिरॅमिक' नावाचा पांढरा पॅन दाखवतील. त्याचा थर वेगळा असतो आणि जास्त आच सोसतो, पण घसरडेपणा त्याचा आणखी लवकर जातो.

आणि वीस नगांचा सेट घेऊ नका. वीसमध्ये झाकणंही नग म्हणून मोजलेली असतात. उरलेल्यांत दोन पातेली इतकी लहान निघतात की त्यात चार माणसांचं काही होत नाही, आणि एक इतकं मोठं की ते सासूबाईंच्या कढईशेजारी माळ्यावर जातं. चौघांच्या घराला रोजची तीन भांडी लागतात. एक जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, एक लोखंडी कढई, एक कुकर. बाकी सगळं त्या तिघांच्या मदतीला. कुकर तुमच्याकडे असेल असं धरते. कढईचं शेवटी सांगते. म्हणजे विकत घ्यायचं उरलं ते एक पातेलं.

स्टील हा तसा विचित्र धातू आहे. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होता. त्याच्या हाती लागलं न गंजणारं पोलाद आणि ते पोचलं सुऱ्या-काट्यांत. त्यातलं क्रोमियम हवेशी मिळून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा धरतं. ओरखडा पडला तर तो आपला आपण पुन्हा धरतो, म्हणून स्टील पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण उष्णता वाहून न्यायच्या कामात ते अगदीच मठ्ठ. ॲल्युमिनियम त्याच्या साधारण पंधरापट आणि तांबं पंचवीसपट चांगलं. त्यामुळे पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योत जिथं लागते तिथंच जळतं आणि दोन बोटं पलीकडे भाजी कच्ची राहते. तुमच्या बटाट्याचं निम्मं दुःख हे आहे.

यावर उपाय म्हणून स्टीलच्या पोटात ॲल्युमिनियमचा थर घालतात. नवऱ्यानं सांगितलेलं ट्राय-प्लाय ते हेच. आत स्टील, मधे ॲल्युमिनियम, बाहेर पुन्हा स्टील, आणि तेसुद्धा बुडापासून काठापर्यंत. स्वस्तातला प्रकार म्हणजे फक्त बुडाला चकतीसारखा थर. तोही चालतो. मात्र चकती भांड्याच्या बुडापेक्षा लहान असेल तर तिच्या कडेनं गोल करपट रेघ उठते, आणि घट्टसर रस्सा नेमका त्या रेघेवर लागतो. घेताना पातेलं उलटं करून चकती अगदी कडेपर्यंत आहे ना, ते बघा. नवरा बरोबर सांगतोय, पण ते त्याला माझ्याकडून कळायची गरज नाही.

दुकानात पातेलं हातात घ्या. जड लागलं पाहिजे, पण भरल्यावर तुम्हाला एकटीला उचलता येईल इतपतच. सपाट ओट्यावर ठेवून बोटानं दाबा, डुगडुगलं तर परत द्या. दांड्यापेक्षा दोन कान असलेलं बरं, एका हातानं भरलेलं पातेलं ओतायचा प्रसंग टळतो. कान रिवेटनं ठोकलेले असतील तर पक्के, पण रिवेटच्या डोक्याभोवती खरकटं साचतं, ते घासावं लागतं. बुडाखाली किंवा पत्रकात १८/८ किंवा १८/१० लिहिलेलं असतं. पहिला आकडा क्रोमियमचा टक्का, दुसरा निकेलचा. याच जातीला ३०४ असंही म्हणतात आणि आतल्या बाजूला तेच असावं. २०२ नंबरच्या स्टीलमध्ये निकेल वाचवायला मँगनीज घालतात, मीठ आणि आंबट त्याला तितकंसं सोसत नाही. इंडक्शन असेल तर लोहचुंबक घेऊन जा. बुडाला घट्ट चिकटला तरच ते भांडं इंडक्शनवर तापेल. ३०४ला चुंबक जेमतेम किंवा अजिबात चिकटत नाही, म्हणून चांगल्या भांड्यांत बाहेरचा थर ४३० नंबरचा देतात. दुकानदार चुंबक बघून भुवया उंचावेल. उंचावू दे.

आता चिकटण्याचं. स्टीलमध्ये न चिकटवता परतणं ही युक्ती आहे आणि ती पाण्याच्या एका थेंबावर शिकता येते. रिकामं पातेलं मध्यम आचेवर ठेवा. मध्यम, मोठ्या नाही. मिनिटभरानं बोटं बुडवून एक थेंब टाका. तो बसल्या जागी फसफसून आटला तर अजून वेळ आहे. थोड्या वेळानं पुन्हा टाका. एक क्षण असा येतो की थेंब आटतच नाही. पाऱ्याच्या गोळीसारखा गोल होतो आणि बुडावरून इकडून तिकडे पळत सुटतो. स्वतःच्याच वाफेच्या गादीवर तो तरंगत असतो. योहान गोटलोब लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरांनी १७५६ साली हे लिहून ठेवलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. बूड साधारण दोनशे अंशांच्या आसपास पोचल्याची ती खूण.

थेंब पळाला की पाणी पुसून घ्या, आच कमी करा, मग तेल घाला. तेल लगेच पातळ होऊन त्यावर लहरी उठतील. धूर आला तर उशीर झाला, भांडं जरा खाली उतरवा. आता बटाटे घाला, पण कोरडे. धुतल्यावर फडक्यावर पसरून टिपलेले. ओला बटाटा आधी भांडं थंड करतो आणि मग बुडाला मिठी मारतो. घातल्यावर दोन-तीन मिनिटं हात बांधून उभं राहायचं, आणि सगळ्यांत अवघड हेच आहे. खालून तांबूस कवच धरलं की बटाटा स्वतःहून सुटतो. सुटत नसेल तर तो तयार नाही, खरवडू नका. अंड्यासाठी हेच सगळं करा, फक्त थेंब पळाल्यावर भांडं अर्धा मिनिट आचेवरून खाली ठेवा. पहिली दोन अंडी वाया जातील. माझी चार गेली होती.

इतकं करूनही बुडाला तांबूस थर राहिला तर तो फेकू नका. त्यावर अर्धी वाटी पाणी किंवा टोमॅटोचा रस ओता आणि लाकडी उलथण्यानं खरवडा. भाजल्याची सगळी चव त्या थरात साठलेली असते, रश्श्याला ती आयती मिळते. नॉनस्टिकमध्ये हे सुख नाही. थर काळा झाला असेल तर मात्र तो कडू, मग रात्रभर भिजत घाला आणि विसरा. पातेल्यावर इंद्रधनुष्यासारखे डाग किंवा पांढरे ठिपके पडले तर घाबरू नका, व्हिनेगरनं पुसले की जातात. मीठ मात्र थंड पाण्यात टाकू नका. ते तळाशी बसून स्टीलला बारीक खळगे पाडतं, आणि ते कशानंच जात नाहीत. पाणी उकळल्यावर टाका.

बाकीच्या धातूंचं थोडक्यात. साधं ॲल्युमिनियम हलकं आणि झटपट तापणारं, पण आंबट आणि खारट दोन्हींशी त्याचं बिनसतं, आणि सोड्याशी तर उभा दावा. मी एकदा पातेल्याचा करपलेला तळ सुटावा म्हणून त्यात सोड्याचं पाणी उकळलं. करप सुटली आणि पातेलं आतून कोळशासारखं झालं. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणतात त्यात विजेच्या प्रक्रियेनं वरचा थर कडक केलेला असतो, ते बरं. तांब्या-पितळेची भांडी देखणी, पण कल्हई असेल तरच त्यात आंबट शिजवा. कल्हई म्हणजे कथिल, आणि ते २३२ अंशांना वितळतं. म्हणजे रिकामी तापवायची बाब इथंही नको.

सुरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण सातला घरी येऊन बोथट सुरीनं कांदा चिरणं हा रोजच्या वैतागाचा मोठा वाटा असतो. एक मोठी, एक लहान, दोन्हींना धार. पाट लाकडी घ्या. काचेच्या पाटावर कुठल्याही सुरीची धार आठवड्यात मरते.

आता 'आज काय करायचं'.

मी तुम्हाला पाचवी भाजी सुचवणार नाही. तुमच्याकडे चार आहेत, त्या पुरेत. तुम्ही गॅस पेटवून मग पदार्थ ठरवता. त्याऐवजी आदल्या रात्री फक्त भांडं ठरवा. उद्या कढई, परवा पातेलं, तेरवा कुकर, एखाद्या दिवशी काहीच नाही, कच्चं. चार भाज्या आणि चार तऱ्हा, न जमणाऱ्या एक-दोन जोड्या सोडल्या तरी दोन आठवडे निघतात. गंमत म्हणून सांगत नाही, कोबीचंच बघा.

कढईचा कोबी: जाड चिरा, बोटाएवढ्या पट्ट्या. कढई चांगली तापू द्या, तेल, लसूण, आणि कोबी घालायचा तो निम्माच. सगळा एकदम घातला की त्याचं पाणी सुटतं, आणि पाणी आहे तोवर भांड्यात शंभर अंशांच्या वर काही जात नाही. कोबी भाजायचा सोडून उकडतो. भाजण्याची ती तांबूस, खमंग चव यायला १४० अंशांच्या वरची आच लागते. लुई कामीय माईयार या फ्रेंच संशोधकानं १९१२ साली त्यामागचं रसायन मांडलं. म्हणून दोन खेपांत करा. कडा काळसर झाल्या की मीठ, मिरी, खाली उतरवून लिंबू. पाच-सहा मिनिटांचं काम.

पातेल्याचा कोबी: बारीक चिरा. जाड बुडात थोडं तेल किंवा लोणी, कोबी, मीठ, घट्ट झाकण, अगदी मंद आच. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मीठ त्याचं पाणी काढतं आणि तो स्वतःच्याच पाण्यात चाळीस मिनिटं शिजतो. शेवटी लोण्यासारखा मऊ आणि इतका गोड होतो की मुलं साखर घातली का विचारतात. पातळ बुडात हा होतच नाही, दहाव्या मिनिटाला करपतो. पातेलं कशाला घेतलं ते इथं कळेल.

कच्चा कोबी: जमेल तितका बारीक, मीठ लावून हातानं दोन मिनिटं चुरडा, अर्धा तास ठेवा, पाणी पिळून काढा, लिंबू आणि थोडं तेल. ज्या दिवशी बाकी जेवण जड असेल त्या दिवशी. कुकरात कोबी घालू नका. वास येतो. कुकरची पाळी असेल त्या दिवशी बटाटा आणि गाजर.

असंच गाजराचं, बटाट्याचं. पालकाला कढईत अर्धं मिनिट पुरे, पातेल्यात डाळीबरोबर वीस. करून बघा आणि जमलेलं फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. मुलाला भांडं निवडायला सांगा. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला 'काय खाणार' विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. 'कशात करू' विचारलं की विचार करावा लागतो.

आठवड्यातून एकदा दोन गोष्टी करून ठेवल्यात तर सातनंतरचा तास सुटतो. एक, कांदा. किलोभर उभा चिरून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर पाऊण तास परता. पहिली दहा मिनिटं झाकण ठेवून, मग उघडा. वाटी-दीड वाटीच उरेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. चार दिवस फ्रिजमध्ये राहतो, रश्श्यात, अंड्यात, भातात, कशातही चमचाभर पुरतो. 'पाच मिनिटांत कांदा तांबूस करा' असं जे लिहितात त्यांनी तो कधी केलेला नसतो.

दुसरं, कडधान्य. कुकरात एकदम जास्तीचं शिजवा. कुकरची कल्पना तशी जुनी, १६७९ साली दनी पापँ या फ्रेंच माणसानं बंद भांड्यात वाफ कोंडून हाडंसुद्धा मऊ करून दाखवली होती. आतलं पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून वेळ वाचतो. कडधान्याला फेस येतो, तेव्हा कुकर निम्म्याच्या वर भरू नका, नाहीतर फेस शिट्टीत अडकतो. टोमॅटो, लिंबू दाणा मऊ झाल्यावरच. आंबटात तो शिजायला हट्ट धरतो. मीठ मात्र भिजवतानाच घातलं तरी चालतं, दाणा उलट लवकर मऊ होतो.

राजमा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवाच. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी प्रथिन असतं आणि चार-पाच कच्चे दाणेही उलट्या आणायला पुरतात. निदान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळा. किमान दहा मिनिटं, अर्धा तास उकळला तर उत्तम. कुकरात हे उकळणं आपोआप होतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, स्लो कुकर म्हणतात त्यात, थेट टाकू नका. तिथं तो नुसता कोमट शिजतो आणि ते विष कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं.

शिजलेलं कडधान्य पहिल्या दिवशी त्या कांद्यात आणि टोमॅटोत घालून भातावर. दुसऱ्या दिवशी उकडलेल्या बटाट्याबरोबर कुस्करून, चपट्या टिक्क्या करून, कढईत थोड्या तेलावर. तिसऱ्या दिवशी उरलेलं पाणी घालून अर्धं घोटा, अर्धं अख्खं ठेवा, गाजर आणि पालक घाला, सूप झालं. चौथ्या दिवशी चौघांनाही त्याचं नाव नको असेल, म्हणून एक भाग आधीच फ्रीझरमध्ये टाकलेला बरा.

उरलेला भात तर कढईसाठीच जन्मलेला. अंडं, कोबी, कांद्याचा तो चमचा, झालं. पण भात पातेल्यात झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात एका जीवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवण्यानं मरत नाहीत आणि कोमट भातात जागे होतात. ते जे विष तयार करतात ते दुसऱ्या दिवशी कितीही तापवलं तरी जात नाही. जेवणं झाली की भात परातीत पसरा, वाफ गेली की डब्यात भरून फ्रिजमध्ये. शिजल्यापासून दोन तासांच्या आत. दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा निघेपर्यंत तापवा.

एवढं करूनही एखादा पदार्थ मुळमुळीत लागला तर मीठ वाढवण्याआधी लिंबू पिळून बघा. दहापैकी सात वेळा तेच कमी असतं.

आता सासूबाईंची कढई. टाकू नका! आजच माळ्यावरून खाली काढा. आधी ती बीडाची की पत्र्याची ते ओळखा. बीडाची जाड, खरबरीत, ओतीव असते आणि पडली तर तडकते. पत्र्याची ठोकून केलेली, पडली तर पोचा येतो. बीडाची असेल तर टिचकी मारून आवाज ऐका. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठंतरी चीर असेल, उजेडात धरून बघा. चीर नसेल तर गंज कितीही असू दे, तो वरवरचा असतो.

रविवारी दुपारी मोकळा वेळ काढा. व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म भरून तासभर ठेवा, त्याहून जास्त नाही, नाहीतर ते गंजानंतर लोखंड खायला लागतं. तारेच्या घासणीनं दोन्ही बाजूंनी घासा, अगदी करडा धातू दिसेपर्यंत. साबण चालतो. लोखंडाला साबण लावू नये हे पूर्वीच्या कडक साबणांच्या काळातलं, आताच्या सौम्य साबणानं काही होत नाही. लगेच फडक्यानं पुसून मंद आचेवर ठेवा. डोळ्यांना कोरडी दिसणारी कढई कोरडी नसते. कोमट असताना आतून-बाहेरून तेलाचं बोट फिरवा आणि मग ते सगळं तेल चुकून लागलं होतं असं समजून पुसून काढा. इथं बहुतेक जण चुकतात. तेल जास्त राहिलं तर कढई चिकट होते आणि धूळ धरते. आता खिडकी उघडून धूर येईपर्यंत तापवा, निवू द्या, पुन्हा तेल, पुन्हा पुसणं, पुन्हा तापवणं. तीन-चार वेळा. तापल्यावर तेलाचं रूप बदलतं, ते लोखंडावर कडक, काळा, गुळगुळीत थर होऊन बसतं. हाही न चिकटणारा थरच. फरक एवढाच की हा तुम्हाला घरी पुन्हा लावता येतो, कितीही वेळा.

पहिले पंधरा दिवस तिच्यात टोमॅटो, लिंबू, काही आंबट शिजवू नका, थर उतरतो आणि पदार्थ काळा पडून धातूची चव येते. नंतरही आंबट पातेल्यातच बरं. शिजलेलं कढईत ठेवून जेवायला बसू नका, काढून घ्या. पदार्थात थोडं लोह उतरतं, ते बहुतेकांना चांगलंच. फक्त घरात कुणाला शरीरात लोह साठण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारा. धुतल्यावर पुसा, आचेवर मिनिटभर वाळवा, तेलाचं बोट. आणि तापलेली कढई नळाखाली धरायची नाही, बीडाची असेल तर जागच्या जागी तडकेल.

आणखी एक. कढई घासायला घ्याल तेव्हा सासूबाईंना स्वयंपाकघरात बोलवा. त्या काहीच म्हणत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. तीन वर्षं तीन पॅन येता-जाता बघूनही त्या गप्प आहेत, याचा अर्थ त्यांना कुणी विचारलेलं नाही एवढाच असू शकतो. तिच्यात पूर्वी काय काय व्हायचं ते विचारा, आणि फ्रिजच्या दारावरच्या कागदात ते लिहा.

तुमची
ताई